आजोबांचा जुना ट्रक नेमका कोणता, हे कसे ओळखावे?

कोयनाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार.

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे गाव असून तेथील मळ्यात, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखाली, माझ्या आजोबांचा एक मालट्रक पस्तीसेक वर्षे जागचा हललेला नाही. कोयना धरणाचे बांधकाम चालू असताना या गाडीने सिमेंटची पोती आणि खडी वाहिली, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर याच गाडीतून आजोबांनी पाटण खोऱ्यात ज्वारी पोहोचवली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचा तूर्त विचार नाही. परंतु ती कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या सुमाराची, एवढे तरी निश्चित कळावे अशी फार इच्छा आहे, कारण घरातच त्याबद्दल एकमत नाही.

वडील तिला ‘मर्सिडीज’ म्हणतात. धाकटे चुलते ती बेडफर्ड असल्याचे पैजेवर सांगतात. गेल्या महिन्यात एक भंगारवाले गृहस्थ आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला जाऊन एकदा खाली वाकून पाहिले, ‘ही फारगो’ असे म्हणून किलोवर भाव सांगितला आणि चहा घेऊन ते निघून गेले. त्यानंतर मी स्वतः इंजिनावरचा तेलकट थर खरवडला, तेव्हा तेथे ‘पर्किन्स’ हे नाव असलेली पट्टी निघाली. म्हणजे नावे आता चार झाली.

गाडीचे वर्णन देतो. पुढे लांब नाक आहे, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे बॉनेटखाली आहे. पुढची जाळी मूळची नाही; कोणीतरी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून ती नंतर बनवली आहे आणि तिच्यावर कोणतेही चिन्ह नाही. बॉनेटच्या पुढच्या कडेला बारीक छिद्रांची एक ओळ आहे, ती पूर्वी पुटीने बुजवलेली असावी. केबिन सागवानी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली आहे. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर नंबराची तीन अक्षरे आणि चार आकडे पुसट दिसतात. त्यांपैकी पहिले अक्षर इंग्रजी ‘बी’ आहे, एवढे नक्की. आर.सी. पुस्तक सापडत नाही.

कोणत्या खुणा पाहाव्यात, आणि कोणत्या खुणांवर विश्वास ठेवू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त फोरमन

आपले वर्णन वाचले. प्रथम केबिन विसरून जा. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडतच नसे; बाहेर पडे ती चार चाकांवर उभी असलेली चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, तिच्यावर इंजिन, बॉनेट आणि चालकाच्या पुढ्यातला पत्र्याचा पडदा, ज्याला आम्ही काऊल म्हणत असू. चालक एखाद्या लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला पंचा गुंडाळून, उघड्यावरून ती चेसी शेकडो मैल हाकत आणी आणि मालक ती आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडे सोडी. त्यामुळे सागवानी केबिन पाहून फार तर बांधणारा कऱ्हाडचा की कोल्हापूरचा याचा तर्क करता येईल, गाडीचा कारखाना कळणार नाही. शिवाय अशी केबिन दर दहा-बारा वर्षांनी नवीही होत असे.

आता शोधाचे क्षेत्र आधी लहान करू या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, सुटे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नव्हता अशा कंपन्यांना परदेशी भागांची नुसती जोडणी करत राहणे शक्य उरले नाही. शिवडीला १९२८ पासून जोडणी करणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये थांबली आणि फोर्डनेही त्याच सुमारास काम आवरते घेतले. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या रस्त्यावर नवा मालट्रक म्हणून येऊ शकणारी घराणी मोजकी होती. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, जिने अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून १९४७ मध्ये जोडणी सुरू केली. जमशेदपूरला टाटांची टेल्को, जिचा जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये करार झाला. मद्रासजवळ एन्नोरला १९४८ मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स, जी १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, जिच्यामुळे बेडफर्ड हे नाव शिवडीचा कारखाना बंद झाल्यावरही आपल्याकडे टिकले.

आपले चुलते बेडफर्ड का म्हणतात, हे मला समजते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली एस.टी.ची पहिली गाडी बेडफर्डच होती, आणि त्या पिढीत नाक असलेल्या कोणत्याही मोठ्या गाडीला बेडफर्ड म्हणण्याची सवय पडून गेली होती. प्रत्यक्षात एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. मी कार्यशाळेत दाखल झालो तोवर त्या गेल्या होत्या, परंतु दहा जातींचे नट-बोल्ट एकाच भांडारात सांभाळलेल्या स्टोअरकीपरांच्या कहाण्या आम्ही जेवणाच्या सुट्टीत पुष्कळ ऐकल्या.

वडिलांच्या ‘मर्सिडीज’विषयी. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचे सहकार्य पंधरा वर्षे, म्हणजे १९६९ पर्यंत चालले. तोवर गाडीच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. त्यानंतर वर्तुळातले ‘टी’ अक्षर आले. कागदोपत्री ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ असे नाव असले तरी खेड्यापाड्यांत ती नुसती मर्सिडीजच राहिली, आणि तारा गेल्यावरही राहिली. मात्र तारा हा पुरावा नव्हे. तारा बाजारात विकत मिळे आणि हौशी मालक तो कशावरही लावत. माझ्या पाहण्यात एका लेलँडच्या जाळीवर तो मोठ्या दिमाखाने बसलेला होता.

पर्किन्सच्या पट्टीनेही हुरळून जाऊ नये. पर्किन्सचे पी-६ हे सहा सिलिंडरचे, सुमारे ४.७ लिटरचे डिझेल इंजिन मद्रासच्या सिम्प्सन कंपनीमुळे आपल्याकडे मुबलक झाले. पेट्रोलवर चालणारे युद्धकाळातले शेव्हरोले आणि फोर्ड मालकांना परवडेनात, तेव्हा त्यांतली मूळ इंजिने काढून त्या जागी पर्किन्स बसवण्याचा धंदाच सुरू झाला. त्याच वेळी कुर्ल्याच्या गाड्यांत ते कारखान्यातूनच बसवून येत असे. तेव्हा पट्टीवरून एवढेच म्हणता येईल, की इंजिन मूळचे असेल तर गाडी टेल्कोची नाही. आणि इंजिन मूळचे आहे की बदललेले, हे इंजिनाच्या पायांखाली पाहिल्यावर कळते. आधाराचे ब्रॅकेट रिव्हेटने बसवलेले आणि सरळ असतील तर मूळचे. गॅसने कापून, वेल्डिंग करून, मध्ये पट्ट्या घालून जुळवलेले असतील तर नंतरचे.

याशिवाय पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधला आडवा दांडा, पाहा. मधोमध मागच्या एक्सलसारखा गिअरचा गोळा असेल, तर पुढच्या चाकांनाही ताकद जाते, म्हणजे गाडी लष्करी वंशाची आहे. आपल्याकडे असे दोन वंश मुख्यतः भेटतात. एक युद्धकाळातल्या कॅनडाच्या फोर्ड आणि शेव्हरोलेंचा. त्यांच्या नंतरच्या केबिनची पुढची काच वरच्या अंगाला पुढे झुकलेली असते, त्यामुळे त्या चटकन ओळखू येतात. दुसरा शक्तिमानचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनलेले हे ट्रक लष्करातून निवृत्त झाल्यावर लिलावात सुटत. एक्सल साधा सरळ असेल तर हे दोन्ही पर्याय सोडून द्या.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे काम. चेसीच्या लांब पट्टीवर, बहुतेक करून पुढच्या अंगाला, नंबर ठोकलेला असतो. तो खरवडून शोधू नका, अंक जातील. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी त्या भागावर रात्रभर बांधून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलकेच साफ करा, मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलीचे शिसे आडवे घासा. आर.टी.ओ.त पेन्सिल प्रिंट घेतात ती हीच. डोळ्यांना न दिसणारा अंक कागदावर उमटतो.

बारा-तेरा

फोरमन साहेबांच्या उत्तरात भर घालण्याइतका माझा अधिकार नाही, परंतु एक साधी कसोटी राहिली आहे, आणि तिला कागदपत्रे लागत नाहीत. पान्यांचा संच घेऊन गाडीखाली जा.

जर्मन वंशाची गाडी मिलिमीटरच्या मापात बांधलेली असते. अमेरिकी वंशाची, म्हणजे डॉज, फारगो, फोर्ड आणि शेव्हरोले, इंचाच्या मापात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा व्हिटवर्थ घराण्यातली मापे असतात आणि तेथे पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाची रुंदी सांगत नाही, तर बोल्टची जाडी सांगतो. त्यामुळे ‘अर्ध्या इंचाचा’ व्हिटवर्थ पाना हातात घेतला तर तो अर्ध्या इंचाच्या अमेरिकी पान्यापेक्षा पुष्कळ मोठा दिसतो. नवशिक्या माणसाचा येथे हमखास घोटाळा होतो.

आता कोणता पाना लावून पाहावा, हेही महत्त्वाचे आहे. १९ मिलिमीटरचा पाना पाऊण इंची नटावर बिनतक्रार बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यावरून निदान केले तर ते चुकेल. १० चा पाना मात्र फसवत नाही. इंचाच्या मापात ३/८ म्हणजे साडेनऊच्या किंचित वर आणि ७/१६ म्हणजे ११.१ मिलिमीटर, दहाच्या जवळपास काहीच नाही. तसाच १७ चा. तो ५/८ इंची नटावर सरळ सरळ ढिला होतो आणि ११/१६ इंची नटावर चढतच नाही. लहान नटांना १० आणि मधल्यांना १७ लागत असेल तर गाडी मिलिमीटरची आहे असे समजावे.

ही परीक्षा इंजिनावर करू नये, कारण इंजिन बदललेले असू शकते. पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, यू-बोल्ट आणि बंपरचे नट यांवरही करू नये, कारण ते गावच्या लेथवाल्याने केलेले असतात. स्टिअरिंग बॉक्स चेसीला जेथे आवळलेला आहे, तेथील आणि ब्रेकच्या पेडलच्या आधाराचे नट पाहावेत; त्यांना सहसा कोणी हात लावत नाही. पिच गेज, म्हणजे आट्यांमधले अंतर मोजायचे साधन, मिळाला तर आटेही मोजावेत, म्हणजे शंकाच उरणार नाही.

एक सूचना. डाव्या बाजूच्या चाकांचे नट कदाचित उलट्या आट्यांचे असतील. क्रायस्लर घराण्यात तशी पद्धत होती आणि बोल्टच्या टोकावर पुष्कळदा ‘एल’ अक्षर ठोकलेले असते. ते न पाहता नेहमीच्या दिशेने पाइप घालून जोर लावला तर नट सुटण्याऐवजी बोल्ट तुटतो.

प्रेस्टनवासी

मी मूळचा इचलकरंजीचा असून गेली बरीच वर्षे इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात राहतो. येथून काही मैलांवरच लेलँड नावाचे गाव आहे. कंपनीला नाव गावावरून मिळाले. तेथे ब्रिटिश व्यापारी वाहनांचे संग्रहालय आहे आणि त्यात जुने ट्रक इतक्या जवळून पाहता येतात की स्टिअरिंगच्या दांडीवरचे ठसेही वाचता येतात. तेथे वारंवार जाऊन एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे: जुन्या गाडीवर सापडलेला प्रत्येक आकडा त्या त्या कारखान्याच्या व्याकरणाने वाचावा लागतो, नाही तर तो आपल्याला भलतीकडेच नेतो.

उदाहरणार्थ, लेलँडच्या कॉमेट या ट्रकमधला ‘३५०’ हा आकडा इंजिनाची घनइंचांतली क्षमता सांगतो. ३५० घनइंच म्हणजे सुमारे पावणेसहा लिटर. पर्किन्सच्या ‘६.३५४’ मध्ये पहिला सहा म्हणजे सिलिंडर आणि पुढचे ३५४ म्हणजे घनइंच. टाटांच्या ‘६९२’ आणि ‘६९७’ या इंजिनांतही पहिला सहा सिलिंडरांचाच आहे, परंतु पुढचे ९२ आणि ९७ हे घनइंच नव्हेत, सिलिंडरच्या नळीचा मिलिमीटरमधला व्यास होय. ९७ चा व्यास आणि १२८ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, धरून गणित केले तर ५,६७५ घनसेंटिमीटर येतात, आणि जर्मन ओएम ३५२ या इंजिनाचीही मापे नेमकी हीच आहेत. पितृत्व सिद्ध करायला यापेक्षा चांगला दाखला कोणता?

गाडीच्या नावातले आकडे आणखी निराळे. ‘१२१०’ म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि शंभर अश्वशक्ती. ‘१६१२’ म्हणजे सोळा टन आणि एकशे वीस. ही पद्धत डाइमलर-बेंझची. परंतु त्याआधीचा ‘३१२’ असा वाचायला गेलात तर तीन टन आणि एकशे वीस अश्वशक्ती असा अनर्थ होईल. ३१२ हा कारखान्याच्या नोंदवहीतला केवळ क्रमांक आहे. त्यातही गंमत अशी, की ओएम ३१२ हे ४.६ लिटरचे इंजिन एकाहून अधिक जातींच्या गाड्यांत बसवलेले होते. त्यामुळे इंजिनावर ३१२ दिसले म्हणून गाडी ३१२ ठरत नाही. मला स्वतःला हे समजायला दोन वर्षे लागली आणि तेवढ्या काळात मी एका मित्राला पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देऊन बसलो होतो.

आपल्या गाडीपुरते बोलायचे तर फाळक्यावरचे ‘बी’ अक्षर माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तीन अक्षरे आणि चार आकडे ही पद्धत १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू होण्यापूर्वीची. तीत मुंबई राज्याच्या नोंदणीची अक्षरे ‘बी’ने आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावरची ‘एम’ने सुरू होत. तेव्हा ही नोंदणी बहुधा १९६० पूर्वीची ठरेल. फाळका याच गाडीचा आहे ना, एवढे मात्र घरी विचारून घ्यावे. फाळके इकडचे तिकडे होतात.

कोयनाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गाडीखाली घालवला. पाठ अजून दुखते आहे. जे दिसले ते क्रमाने सांगतो.

पुढचा एक्सल सरळ आहे, गोळा नाही. स्टिअरिंग बॉक्सच्या नटांना १७ चा पाना कोठेही बसला नाही. माझ्या शेजाऱ्यांकडे जुन्या ट्रॅक्टरचा इंची संच आहे. त्यातले ९/१६ आणि पाऊण इंची पाने तेथे अगदी चपखल बसले, आणि पेडलच्या आधाराला ७/१६ बसला. १९ चाही बसत होता, आणि आपण आधी सावध केले नसते तर मी तेवढ्यावरच मर्सिडीज म्हणून नाचलो असतो. इंजिनाच्या पायांखालचे ब्रॅकेट रिव्हेटचे असून कापाकापीची खूण नाही. डाव्या चाकांच्या बोल्टांवर ‘एल’ स्पष्ट वाचता येतो. नट मी सोडवले नाहीत.

पेन्सिल प्रिंट घेतली. अंक आले, परंतु मधले दोन गंजाने खाल्ले आहेत. फाळका याच गाडीचा आहे, कारण त्याची कडी तुटल्यावर आजोबांनी बसवलेली बैलगाडीची कडी वडिलांनी लगेच ओळखली.

बॉनेटवरच्या छिद्रांमधली पुटी काढली. छिद्रे जोडीजोडीने आहेत आणि एकूण पाच जोड्या आहेत. प्रत्येक जोडीमधले अंतर जवळपास सारखे आहे. यावरून काही निघते का?

निवृत्त फोरमन

निघते, आणि जवळपास सगळेच निघते.

इंचाची मापे, उलटे आटे, मूळचा पर्किन्स आणि मुंबई राज्याची नोंदणी या चारही गोष्टी एकत्र धरल्या तर बोट कुर्ल्याकडे जाते. आता छिद्रांविषयी. तेथे सुटी अक्षरे बसवलेली असावीत आणि प्रत्येक अक्षराला दोन खिळे असावेत. प्रीमिअरची गाडी तीन नावांनी विकली जाई: डॉज, फारगो आणि डिसोटो. इंग्रजीत डिसोटोची अक्षरे सहा होतात. डॉजची आणि फारगोची पाच-पाच. म्हणून डिसोटो बाद झाली. राहिलेल्या दोहोंत छिद्रांवरून निवड करणे शक्य नाही आणि खरे सांगायचे तर त्याने फारसा फरकही पडत नाही. क्रायस्लरचे विक्रेते वेगवेगळे होते आणि प्रत्येकाला विकायला स्वतःचे नाव हवे होते, म्हणून एकाच ट्रकला निरनिराळी नावे मिळाली. एकाच आईची मुले निरनिराळ्या मामांकडे वाढावीत, तसा तो प्रकार आहे. डॉजचा क्लच फारगोला बसत असे आणि फारगोचा डिसोटोला. आम्ही भाग मागवताना तिन्ही नावे सारख्याच अर्थाने वापरत असू.

मला उत्सुकता आहे ती भंगारवाल्या गृहस्थांची. त्यांना फारगो हेच नाव कसे सुचले, ते शक्य असल्यास विचारावे. ज्यांनी एखाद्या जातीच्या गाड्या डझनांनी तोडल्या आहेत, त्यांच्याइतकी ती जात आतून कोणी पाहिलेली नसते.

कोयनाकाठ

विचारले. ते म्हणाले, ‘वरचे पाहून काय करायचे, वरचे सगळे गावात बनते.’ त्यांनी वाकून पाहिला तो मागच्या एक्सलचा हाउजिंग, म्हणजे गोळ्याचे कवच, आणि त्यावरून गाडी कुर्ल्याची हे त्यांना कळले. डॉज की फारगो, याबद्दल त्यांनी हसून सांगितले, की आमच्या भागात सगळ्यांना फारगोच म्हणतात.

परंतु योगायोग असा, की नावही तेच निघाले. काल सांगलीहून आत्या आल्या. त्यांना हा सगळा प्रकार सांगितल्यावर त्या काही न बोलता माडीवर गेल्या आणि आजीच्या लोखंडी ट्रंकेतून एक टी.सी. पुस्तक, म्हणजे गाडीचा कर भरल्याच्या नोंदींचे पुस्तक, घेऊन आल्या. पुस्तकाचे पुठ्ठे वाळवीने खाल्ले आहेत, परंतु आतल्या पानावर गाडीची जात ‘फारगो’ आणि बनावटीचे वर्ष १९५६ असे शाईने लिहिलेले आहे. चेसी नंबरमधले जे अंक पेन्सिल प्रिंटमध्ये उमटले ते सर्व पुस्तकाशी जुळतात, आणि गंजाने खाल्लेले दोन अंकही मिळाले.

मर्सिडीजचा उलगडाही आत्यांनीच केला. घरात गाड्या दोन होत्या. फारगो पहिली. पुढे धंदा वाढल्यावर आजोबांनी ताऱ्याची गाडी घेतली, आणि दोन बहिणींच्या लग्नांच्या वेळी तीच विकली, कारण तिला भाव चांगला येत होता. म्हणजे धरणाचे सिमेंट या गाडीने वाहिले हे खरे, परंतु भूकंपानंतर ज्वारी घेऊन गेली ती दुसरी. वडील तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांच्या आठवणीत दोन्ही गाड्यांची एकच होऊन गेली. आत्या हे बोलत असताना ते गप्प बसून होते. नंतर एकटेच मळ्यात गेले आणि बऱ्याच वेळाने परतले.

आता दोन प्रश्न उरतात. गाडी आहे त्या स्थितीत नीट टिकवायची तर काय करावे, आणि व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी होईल का?

प्रेस्टनवासी

फार आनंद झाला. नोंदणीपुरते सांगतो. व्हिंटेज वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये जे नियम केले, ते पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींना डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. मालवाहू वाहनांचा वर्ग त्यांत घेतलेला नाही. तेव्हा त्या वाटेने खटपट करण्यात वेळ घालवू नये. गाडी मळ्यातच उभी राहणार असेल तर आपल्याला त्याची गरजही नाही.

कागदपत्रांची मात्र चांगली छायाचित्रे काढून ठेवावीत. दुसऱ्या गाडीचा, म्हणजे ताऱ्याच्या गाडीचा, एखादा फोटो घरात सापडला तर त्या काळातल्या टेल्कोच्या गाड्यांच्या चित्रांशी तो ताडून पाहता येईल. टाटा समूहाचे अभिलेखागार पुण्यातच आहे, आणि अभ्यासासाठी रीतसर पत्र लिहून तेथे विचारणा करता येते. हरियाणात तावडू येथे वाहतुकीच्या वारशाचे मोठे संग्रहालय आहे. उत्तरेकडे जाणे झाले तर तेही पाहावे.

बारा-तेरा

टिकवण्याविषयी मी लिहितो, कारण येथे एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे.

टायरांत हवा भरू नका. या गाड्यांची चाके एकसंध नसतात. टायर बसवल्यावर बाहेरून एक लोखंडी लॉक रिंग अडकवलेली असते आणि आतल्या हवेचा सगळा दाब तीच अडवून धरते. पस्तीस वर्षांचा गंज चढलेली रिंग वरून शाबूत दिसते, परंतु हवा भरताना ती सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. मुले गाडीत बसून फोटो काढतील, त्यासाठी टायर फुगवावेसे वाटतील. कृपया तो मोह टाळावा. जॅकने एक्सल उचलून खाली चिऱ्याचे किंवा सागवानी ठोकळे द्यावेत, म्हणजे टायरांवरचा भार उतरेल. चाके तशीच लटकू द्यावीत.

गाडीखालची जमीन मातीची असेल तर ओल खालून चढते आणि चेसी आतल्या बाजूने सडते. ठोकळे लावताना खाली फरशी घालून घ्यावी. लोखंडाला जुने इंजिन ऑइल फासण्याची पद्धत आहे. त्याने गंज थांबतो, परंतु धूळ धरते आणि जे ठसे आपण एवढ्या कष्टाने काढले ते पुन्हा झाकले जातात. चेसी नंबरच्या जागी ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधावा. बॉनेटवरची पाच जोड्यांची छिद्रे पुन्हा पुटीने बुजवू नयेत, एवढी माझी विनंती.

आणि सायलेन्सरचे तोंड, डिझेल टाकीच्या नळीचे टोक आणि हवेच्या फिल्टरचे तोंड या तीन ठिकाणी चिंध्यांचे बोळे घट्ट बसवा. गुऱ्हाळाच्या छपराखाली कुंभारमाशी असणारच, आणि तिने एकदा नळीत मातीचे घर केले की पुढे कोणी कधी इंजिन फिरवायचे म्हटले तर पहिले दोन दिवस तेच टोकरत बसावे लागते.